रंगाचा डबा राहू द्या, आधी प्लायचा शिक्का बघा

पत्र

स. न. वि. वि.
ठाण्यात घोडबंदर रोडला आम्हाला दोन बेडरूमच्या फ्लॅटचा नुकताच ताबा मिळाला आहे. होळी झाली की फर्निचरचं काम सुरू होईल. काँट्रॅक्टरने दोन कोटेशन दिली आहेत. एक फॅक्टरीत बनून येणाऱ्या पार्टिकल बोर्डच्या फर्निचरचं आणि दुसरं जागेवर सुतार बसवून प्लायमध्ये काम करण्याचं. प्लायचं दीड लाखाने जास्त आहे. सासूबाईंना दमा आहे आणि मुलगी चार वर्षांची आहे. दिवाळीत नणंदेच्या नव्या घरी राहायला गेलो, तर सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते आणि सासूबाई रात्रभर खोकत होत्या. तेव्हाच मी ठरवलं की आपल्या घराला झिरो व्हीओसी, म्हणजे हवेत उडून जाणारी रसायनं नसलेला, रंगच लावायचा. तेवढ्याने भागेल ना? शेणाचा रंगही चांगला असं ऐकलंय. मैत्रीण म्हणते, घरात चार-पाच स्नेक प्लांट ठेव, सगळं शोषून घेतात. मिस्टरांना सगळ्या खोल्यांत फॉल्स सीलिंग हवंय. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत करून त्याच दिवशी राहायला जायचं आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर

ताई, सुतार अजून साइटवर आलेला नाही आणि पत्र आधी आलं, हे फार बरं झालं. मला येणारी बहुतेक पत्रं कपाटं बसून गेल्यावरची असतात, आणि तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा यापलीकडे सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

झिरो व्हीओसी रंग जरूर घ्या, पण तेवढ्याने भागणार नाही. नणंदेच्या घरी डोळे चुरचुरले ते भिंतीच्या रंगामुळे, असं मला वाटत नाही. भिंतींना आजकाल पाण्यात कालवायचे इमल्शन रंग लागतात. खिडक्या उघड्या असल्या तर त्यांचा बहुतेक वास आठवड्या-दोन आठवड्यांत निघून जातो. डोळ्यांत झोंबणारा, नाकात टोचणारा आणि महिनोन्‌महिने न जाणारा वास बहुतेक वेळा फॉर्माल्डिहाइड या वायूचा असतो, आणि तो येतो फर्निचरच्या बोर्डातून. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि कपच्या, एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक तंतू. दोन्ही गोंद घालून दाबलेले असतात आणि स्वस्त मालात हा गोंद युरिया-फॉर्माल्डिहाइडचा असतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की त्याचं थोडं थोडं विघटन होतं आणि वायू बाहेर पडत राहतो. पहिल्या काही महिन्यांत जास्त, मग कमी कमी होत जातो, पण वर्षानुवर्षं चालू राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूला कर्करोगकारक ठरवलं. ते ऐकून लगेच घाबरू नका. तुमच्या घरातला रोजचा प्रश्न खोकला, दमा आणि डोळ्यांची चुरचुर हाच आहे आणि निर्णय घ्यायला तेवढा पुरे.

म्हणून दीड लाखाचा हिशेब रंगाच्या आधी करू.

साइटवर जो ‘कमर्शियल’ प्लाय म्हणून येतो, त्याला एमआर, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा, ग्रेड म्हणतात आणि त्यातही बहुतेक वेळा युरियाचाच गोंद असतो. तेव्हा काँट्रॅक्टर ‘प्लाय वापरतो’ म्हणाला एवढ्याने काही सिद्ध होत नाही. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारा) किंवा मरीन ग्रेड मागा. यांत फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. नाव तेच असलं तरी तो पाण्याने सुटत नाही आणि हवेत कितीतरी कमी वायू सोडतो. मरीन प्लायवर आयएस ७१० आणि बीडब्ल्यूआरवर आयएस ३०३ असा भारतीय मानकाचा शिक्का असतो. त्यासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असायलाच हवा. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते कळतं. फसवाफसवी याच शिक्क्यात होते, म्हणून माल उतरेल त्या दिवशी तुम्ही किंवा मिस्टरांनी साइटवर हजर राहा. एक शीट कापायला लावा आणि कापलेली कड उजेडात धरा. थरांच्या मधल्या गोंदाच्या रेघा गडद, तपकिरी-तांबूस दिसल्या तर गोंद फिनॉलचा असण्याची शक्यता जास्त. रेघा फिकट असतील किंवा दिसतच नसतील, तर शिक्का काहीही म्हणो, दुकानदाराला प्रश्न विचारा. रंग टाकून रेघा काळ्या करणारेही असतात, त्यामुळे एवढ्यावरच विसंबू नका. शिक्का, परवाना आणि पक्कं बिल तिन्ही हवं.

फॅक्टरीवाला तुम्हाला म्हणेल, ‘मॅडम, आमचा बोर्ड ई-वन आहे, युरोपियन स्टँडर्ड.’ खोटं बोलत नसेल तो. साध्या बोर्डापेक्षा ई-वन निश्चित चांगला. पण त्याची चाचणी कशी होते ते ऐका. बंद पेटीत दर घनमीटर हवेला एक चौरस मीटर बोर्ड ठेवतात, तापमान २३ अंश, आर्द्रता ४५ टक्के, आणि तासाला एकदा सगळी हवा बदलतात. एवढं करून घनमीटरमागे ०.१२४ मिलिग्रॅमच्या आत आकडा आला की बोर्ड पास. आता घोडबंदरचा जुलै आठवा. हवेत आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के, पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावलेल्या आणि रात्री एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा गार करून परत फिरवतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. दहा बाय दहाच्या खोलीत पंचवीसेक घनमीटर हवा असते. भिंतभर कपाट, बॉक्स बेड आणि वरचे लॉफ्ट यांच्या आतल्या-बाहेरच्या बाजू मोजल्या तर पंचवीस-तीस चौरस मीटर बोर्ड सहज भरतो. म्हणजे बोर्ड चाचणीएवढा, दमटपणा दुप्पट आणि हवा फारशी बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी घातलेली मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. घर मे महिन्यात ‘आता काही वास नाही’ म्हणून पास होतं आणि पावसाळ्यात पुन्हा झोंबायला लागतं, ते यामुळेच.

जपानमध्ये नव्या घरांत माणसं आजारी पडायला लागल्यावर २००३ पासून कायद्यानेच दोन्ही बाजूंनी बंदोबस्त केला. बोर्डाला तारे देतात, चार तारे म्हणजे सर्वांत कमी वायू सोडणारा, आणि वर नव्या घरात चोवीस तास हवा खेळती ठेवणारी यंत्रणा सक्तीची. आपल्याकडे यातलं दुसरं काम खिडकीलाच करावं लागतं.

मग दीड लाख जास्त मोजायचे का? माझं मत असं, की आहे त्या बजेटमध्ये प्लायच घ्या, पण फर्निचर कमी करा. टीव्हीमागचं भिंतभर पॅनेल, पलंगामागची पॅडिंगची भिंत, कधीच न उघडणारे लॉफ्टचे कप्पे, देवघराची एमडीएफची कोरीव जाळी या गोष्टी कोटेशनमधून काढून टाका आणि आकडा पुन्हा मागा. दीड लाखातला बराचसा फरक तिथेच भरून निघेल. सासूबाईंच्या खोलीत तर नवं सुतारकाम करूच नका. त्यांचा जुना लाकडी पलंग आणि लोखंडी कपाट आहे ते हलवा. जुन्या फर्निचरमधला वास कधीच उडून गेलेला असतो, आणि लोखंडी कपाटावरचा पावडर कोटिंगचा रंग कारखान्यात भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, घरी येऊन वास सोडत बसत नाही. नवं कपाट हवंच असेल तर त्या खोलीत तरी लोखंडी घ्या. शोभेला थोडं कमी, पण दम्याच्या माणसासाठी मला यापेक्षा चांगलं कपाट ठाऊक नाही.

जुनं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा तुमच्या बाजूला जुनी घरं पाडणाऱ्यांकडे दारं, तुळया मिळतात. एक काळजी घ्या, जुन्या दारांवरच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं दशलक्षात ९० भागांच्या वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाची काही खात्री नाही. मुलगी लहान आहे, तेव्हा असं लाकूड घरात कोरडं घासायचं नाही. रंग काढून रंधा मारून तयार झालेलंच आत आणायचं.

काही ठिकाणी पार्टिकल बोर्ड घ्यावाच लागला तर एक पाहा. मायका लावलेल्या बाजूने वायू जवळजवळ येत नाही, तो उघड्या कडेतून आणि भोकातून येतो. म्हणून कपाट बसल्यावर समोरून दिसणारा भाग बघून ‘छान’ म्हणू नका. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, टॉर्च घ्या आणि मागची पट्टी, तळाची बाजू, बिजागरीसाठी पाडलेली गोल भोकं, सिंकच्या पाइपसाठी कापलेलं भगदाड तपासा. तिथे बहुतेक वेळा कच्चा बोर्ड दिसतो, बोट फिरवलं तर भुसा हाताला लागतो. सगळ्या कडांना चारही बाजूंनी एज बँड (कड झाकणारी पट्टी) आणि आतून-मागून लायनर लॅमिनेट (पातळ मायका), हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. सिंकखाली मात्र बोर्ड नकोच. तिथे मरीन प्लाय, नाहीतर सरळ ओट्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या.

सुतार मायका चिकटवताना दोन प्रकारचे गोंद वापरतो. पांढरा गोंद पाण्यातला, त्याचं फारसं काही नाही. पिवळसर रबरी सोल्युशन लवकर धरतं म्हणून ते त्याला आवडतं. त्यात उडून जाणारी द्रावणं असतात आणि ती डोकं भणभणून टाकतात. त्यालाही त्रास होतो बिचाऱ्याला, तोंडाला रुमाल बांधून दिवसभर त्यातच बसलेला असतो. सपाट भागाला पांढरा गोंद आणि रबरी सोल्युशन फक्त वळणावर, पट्टीवर, असं बोलून ठेवा. काम दोन दिवस लांबेल, लांबू द्या. वाळवीसाठी प्लायला आतून रॉकेलसारख्या वासाचं कीटकनाशक फासायची पद्धत आहे, ती नको म्हणून सांगा. बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया चालते, तिला वास नसतो. ओलाव्याच्या जागी मात्र ती धुऊन जाते, तेव्हा तिथे प्लायच चांगला हवा.

आता रंग. डबा झिरो व्हीओसी घेतला आणि त्याखाली पेंटरने तेलाची लांबी (तेलातली पुट्टी) आणि ऑइल प्रायमर मारला, तर काय उपयोग? भिंतीला पाण्यातला प्रायमर आणि पाण्यातलीच पुट्टी, हे आधी ठरवा. दुकानात मशीनवर शेड मिसळताना जो रंगद्रव्याचा शॉट टाकतात, त्यातही व्हीओसी असू शकतात. गडद शेडला शॉट जास्त लागतो. म्हणून बेडरूमना फिकट शेड घ्या आणि मशीनचे कलरंटही कमी व्हीओसीचे आहेत का, विचारा. ग्रिल आणि दारांसाठी पेंटर हमखास ऑइलपेंट आणि थिनर आणतो. आता पाण्यातले इनॅमलही मिळतात, थोडे महाग पडतात, पण घ्या. मेलामाइन आणि पीयू पॉलिश घरात स्प्रे करू देऊ नका. पल्ले बाहेर मारून, वाळवून आणता येतात का विचारा, पुष्कळ सुतार तयार होतात. पुट्टी घासायची असेल त्या दिवशी मुलीला साइटवर नेऊ नका. ती बारीक पूड कोपऱ्यांत महिनाभर बसून राहते. काम संपल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्या.

शेणाचा रंग म्हणजे खादी ग्रामोद्योग आयोगाचा ‘प्राकृतिक पेंट’. जानेवारी २०२१ मध्ये तो बाजारात आला, डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन प्रकारांत. भिंतीला लावायला माझी हरकत नाही. मात्र ‘नैसर्गिक’ या शब्दावर फार भरवसा ठेवू नका. जवसाचं तेल नैसर्गिकच, पण ते वाळताना त्यातूनही झोंबणारे वायू निघतात. मला विचाराल तर कोरड्या भिंतीवर चुन्याचा हात आजही चांगला. चुना तीव्र अल्कली असल्यामुळे त्यावर बुरशी सहसा धरत नाही. वाड्यांच्या भिंती चुन्याच्या घाण्यात मळलेल्या चुन्याने लिंपायचे त्याचा हाही एक फायदा होता. पण फ्लॅटच्या पुट्टी मारलेल्या गुळगुळीत भिंतीला चुना नीट धरत नाही, आणि अंगाला पांढरं लागतं म्हणून घरचे कुरकुरतील. एखाद्या बाल्कनीत किंवा कोठीच्या खोलीत करून बघा, सगळ्या घराचा हट्ट नको.

जमिनीला बिल्डरने टाइल्स दिल्या असतील तर तशाच ठेवा. टाइल, कोटा, शाहाबादी या फरशा हवेत काही सोडत नाहीत. त्यावर व्हिनाइल किंवा लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट चिकटवायचा मोह टाळा.

दम्याच्या माणसाला वासाइतकाच त्रास ओल देते, काही घरांत जास्तच. बाथरूमच्या पलीकडची भिंत आणि पश्चिमेची बाहेरची भिंत आत्ताच हाताने चाचपून बघा. लोणा फुटलाय का, पोपडे सुटलेत का? असेल तर कपाट बसवण्याआधी बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातले दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात, आणि कळवल्यापासून तीस दिवसांत. एकदा त्या भिंतीवर प्लाय ठोकला की मागे बुरशी वाढत राहते, तुम्हाला कळतं ते कपड्यांना कुबट वास यायला लागल्यावर. अशा भिंतीला कपाट लावूच नका आणि वॉलपेपर तर मुळीच नको. प्लास्टिकच्या थरामागे ओल अडकते.

मिस्टरांना माझा निरोप द्या. फॉल्स सीलिंगच्या जिप्समवर माझा राग नाही, जिप्सम तसा निरुपद्रवी आहे. पण वरच्या मजल्यावरचं बाथरूम गळायला लागलं तर पहिले सहा महिने ते सीलिंगच्या वर गळेल आणि तुम्हाला दिसणारही नाही. हॉलमध्ये हौस करा, बेडरूममध्ये आणि बाथरूमच्या आसपास नको. त्या पैशातून स्वयंपाकघरात बाहेर पाइप काढलेली चिमणी घ्या. कोळशाच्या फिल्टरची, हवा गाळून परत आत सोडणारी चिमणी तेल थोडंफार पकडते, पण गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड तिला धड अडवता येत नाही, आणि दमा चाळवायला तो पुरेसा असतो. सोसायटी दर्शनी भिंतीला भोक पाडू देत नसेल तर ड्राय बाल्कनीतून वाट काढता येते. पाइप आखूड हवा आणि त्याला वळणं कमी हवीत, हे ओट्याची जागा ठरवतानाच बघावं लागतं.

वास्तुशांत अक्षय्य तृतीयेलाच करा, मुहूर्त सोडू नका. होम करा, दूध उतू घाला, जेवणावळ घाला. बिऱ्हाड मात्र तीन-चार आठवड्यांनी हलवा. पूजा आणि मुक्काम एकाच दिवशी उरकणं हे बहुतेक वेळा टेंपोवाल्याच्या सोयीचं असतं. ते मधले आठवडे उन्हाळ्याचे, म्हणजे फर्निचरमधला वायू भराभर बाहेर यायचा काळ. रोज कुणीतरी जाऊन समोरासमोरच्या खिडक्या, कपाटांचे पल्ले आणि सगळे ड्रॉवर उघडून दोन तास तरी पंखे लावून यावं. गाद्यांवरचं प्लास्टिकही तिथेच काढा. मग एकदा मुद्दाम घर रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर आत जाऊन कपाटात डोकं घालून बघा. पाच मिनिटांत डोळ्यांत पाणी आलं तर अजून थांबा. सासूबाईंना सगळ्यांत शेवटी आणा आणि त्यांच्या डॉक्टरांना घर बदलतोय हे आधी सांगून ठेवा.

स्नेक प्लांट ठेवा, छान दिसतात. झाडं हवा शुद्ध करतात ही समजूत नासाच्या १९८९ च्या प्रयोगातून आली, आणि तो प्रयोग लहान बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा साध्या वाऱ्याची बरोबरी करायला चौरस मीटरमागे दहा ते हजार झाडं लागतील असं निघालं. एअर प्युरिफायर धूळ पकडतो, वायू नाही. जाड कार्बन फिल्टर असलेला थोडाफार पकडेल, पण तो फिल्टर सतत बदलावा लागतो.

आणि सुतार साइटवर असेपर्यंत एक काम उरकून घ्या. प्रत्येक खिडकीला सरकती डासजाळी बसवा. बिल्डरच्या दोन पल्ल्यांच्या स्लायडिंग खिडक्या तशाही अर्ध्याच उघडतात. जाळी नसेल तर डासांमुळे संध्याकाळी सहाला त्याही लागतात आणि मग घरात कॉइल पेटते. मलेशिया आणि चीनमधल्या कॉइल जाळून तपासल्या तेव्हा एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगरेटींएवढे भरले होते, २००३ चा अभ्यास आहे. तीन ट्रॅकची खिडकी करून तिसऱ्या ट्रॅकवर जाळी, असं सांगितलं की ॲल्युमिनियमवाल्याला कळतं. सासूबाईंच्या खोलीपासून सुरुवात करायला सांगा.